आम्ही आलो, आता फाटक लावा

मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलात की खाडीपलीकडे मनोरी. हद्द मुंबई महापालिकेचीच, पण गाव. चर्च, होड्या, वलांडीवर वाळणारे बोंबील आणि शनिवार-रविवारी रिसॉर्टवाल्यांची गर्दी. ‘बाहेरचे कोण?’ या विषयावर भांडायला इतके सोयीचे ठिकाण नाही. इथल्या लोकांना या भांडणाचा शंभर वर्षांहून जास्त अनुभव आहे.

१८८७ साली बाहेरचा म्हणजे गोवेकर आणि मंगळुरी. मुंबईत रेल्वे, आगबोटींच्या कंपन्या, सरकारी कचेऱ्या वाढल्या, तशी दक्षिणेकडची ख्रिस्ती मंडळी नोकरीसाठी आली. इथल्या मूळ ख्रिस्ती समाजालाही तेव्हा ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’च म्हणत. साहेबाला आतले-बाहेरचे कळणार कसे? मग व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचा मुहूर्त साधून मूळ समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. भूमिपुत्र असल्याचा दाखला काढला तोही कंपनी सरकारच्या नावाने, आणि त्या कंपनीचे राज्य १८५८ मध्येच आटोपले होते.

नोकरी मिळत असेल तर माणूस मेलेल्या कंपनीचेही नाव लावतो.

पुढे १९२१ ची जनगणना झाली. मुंबई शहरात राहणाऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्के लोक शहराबाहेर जन्मलेले निघाले. त्यातला मोठा भाग रत्नागिरीचा. गिरणीत खपायचे, खोलीत दहा जणांनी झोपायचे, गावाला मनीऑर्डर धाडायची. त्यांची नातवंडे आज ‘हे लोक एका खोलीत दहा-दहा जण राहतात’ म्हणून नाक मुरडतात.

साठच्या दशकात बाहेरचा बदलला. ‘मार्मिक’मध्ये ‘वाचा आणि थंड बसा’ म्हणत दाक्षिणात्य साहेबांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या, आणि १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. नंतर नंबर लागला उत्तर प्रदेश-बिहारचा. बाहेरचा दर पिढीला नवा. तक्रार मात्र जुनीच, फक्त नाव खोडून नवे घालायचे.

मग गंमत झाली. याद्या वाचणाऱ्यांची आणि यादीतल्या साहेबांची नातवंडे अमेरिकेच्या व्हिसासाठी एकाच रांगेत उभी राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एच-वन-बीच्या नव्या अर्जामागे एक लाख डॉलर शुल्क जाहीर केले. ‘परप्रांतीयांनी नोकऱ्या खाल्ल्या’ हा ज्या घरचा कायमचा विषय, तिथे त्या रात्री ‘गुणवत्तेवर अन्याय’ सुरू झाला.

आपला तो टॅलेंट, दुसऱ्याचा तो लोंढा!

सरकार तरी एका जागी ठाम आहे का? उद्योगांत ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना, असा शासन निर्णय २००८ मध्ये निघाला. स्थानिक कोण? तर १५ वर्षे राज्यात राहिलेला. म्हणजे आज ज्याला हाकलायचे, तो जरा दम धरून बसला तर स्थानिकच. याच राज्याने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला: तिकडे माणसे कमी पडतात, आमचे कुशल तरुण घ्या. इथे भूमिपुत्रांना आरक्षण, तिथे भूमिपुत्रांची निर्यात.

जर्मनीला हसू नका. महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर २०१९-२१ मध्येच १.७ वर आला होता. लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. उद्या कुणाच्या दारात जायचे, ते आजच ठरवून ठेवा. झारखंड की बिहार?

मनोरीसारख्या गावांनी ते कधीच ठरवून टाकलेय. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. नंतर बोटी निघतात तेव्हा मालक गावचा, तांडेल गावचा. जाळे ओढणारा खलाशी बहुतेकदा बाहेरचा, हंगामाआधी उचल देऊन बांधून ठेवलेला. २०२० च्या टाळेबंदीत खलाशी गावी गेले आणि मुंबईच्या किनाऱ्यावर कितीतरी बोटी नुसत्या उभ्या राहिल्या. भूमिपुत्र कुठे होता? बँकेत. त्याला बापानेच बजावले होते, ‘शिकला नाहीस तर बोटीवर जाशील!’

पोरगा शिकला. मग बोटीवर कोण जाणार होते?

‘पण बाहेरचे कमी पैशात राबतात, मजुरी पडते!’ खरे आहे. पण मजुरी घेणारा ठरवतो की देणारा? परप्रांतीयाच्या टॅक्सीची काच फोडायला दहा जण धावतात. त्याला आणणाऱ्या ठेकेदाराची वही तपासायला एकही नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांची नोंद ठेवायचा कायदा १९७९ चा. सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत विचारले गेले, टाळेबंदीत घरी परतताना मजूर किती मेले? सरकारचे उत्तर: अशी नोंदच ठेवलेली नाही. नोव्हेंबर २०२५ पासून जुना कायदा गेला, नवी संहिता आली. वहीचे बघू.

शहरावर ताण येतो हे कोण नाकारतो? म्हणून तर मनोरीत समुद्राचे पाणी रोज २० कोटी लिटर गोडे करायचा महापालिकेचा बेत आहे. तो प्रकल्प बांधायला मजूर कुठून येतील, हे तुम्हीही विचारू नका, मीही विचारत नाही.

आणि आकड्यांचेच म्हणाल, तर देशाची शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा ४५ कोटींवर स्थलांतरित. त्यात दोन तृतीयांशाहून अधिक बायका, बहुतेक लग्न होऊन आलेल्या. या देशातला सर्वांत मोठा लोंढा सूनबाईंचा आहे. काढता मोर्चा?

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या तारखेची. तोवर ज्याला जो आकडा परवडेल तो त्याने वापरावा. प्रगणक दारात आला की विचारेल: जन्म कुठला, इथे कशासाठी आलात? त्याच्या यादीत नोकरी असते, धंदा, शिक्षण, लग्न असते. ‘भूमिपुत्राच्या पोटावर पाय द्यायला’ असा रकाना नसतो. हट्टच असेल तर ‘इतर’मध्ये लिहायला सांगा.