तू कशावर कापतोस?

एडिटर मंडळींत कुळ विचारायची पद्धत नाही. 'तू कशावर कापतोस?' म्हणजे कुठल्या सॉफ्टवेअरवर संकलन करतोस, एवढं विचारलं की भागतं. अ‍ॅव्हिडवाला उत्तर देण्याआधी एक क्षण थांबतो. तेवढ्यात आपण उभं राहायचं असतं. प्रीमियरवाला दर महिन्याच्या हप्त्याबद्दल बोलतो. २०१३ पासून अडोबीच्या या प्रीमियर प्रोच्या नव्या आवृत्त्या विकत मिळत नाहीत, भाड्यानेच घ्याव्या लागतात. रिझॉल्व्हवाला 'फुकट आहे' असं सांगत सुटतो, ते अगदी नॉइज रिडक्शन लावेपर्यंत. मग चित्रावर वॉटरमार्क उमटतो आणि स्वर जरा खाली येतो.

फायनल कटवाल्यांचं दुःख मात्र खरं. २०११ साली अ‍ॅपलने फायनल कट प्रो एक्स आणलं, आणि त्यात जुन्या फायनल कटचे प्रोजेक्टच उघडेनात. अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र कापायची सोय, मल्टिकॅम, तीही गायब! वर 'हेच भविष्य' म्हणून सांगितलं गेलं. पुढे मल्टिकॅम परत आलं, रुसवा गेला नाही. गंमत अशी की २०११ सालीच मोडीत निघालेल्या फायनल कट ७ वर पुढे 'पॅरासाइट' हा चित्रपट कापला गेला, आणि संकलनासाठी त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं.

निर्माता या भानगडीत पडत नाही. तो कट व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो, रिक्षात बसून आवाज बंद ठेवून बघतो आणि 'पेस थोडा वाढव' म्हणतो.

तेव्हा परिसंवाद पुरे. साउंडवाल्याला आणि कलरिस्टला काय चालतं ते आधी विचारा, आणि तेच घ्या.