कटऑफकाका

आमच्या लातुरात जून उजाडला की लोक दोघांची वाट बघतात: पावसाची आणि नीटच्या निकालाची. पाऊस कमी पडला तर आभाळाकडे बघतात, मार्क कमी पडले तर कटऑफकाकांच्या ओट्याकडे.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांचं खरं नाव लाइटबिलावर असेल, गल्लीत कुणाला आठवत नाही. चष्मा कपाळावर, मांडीवर पुठ्ठ्याची जाड वही. वहीत गेल्या आठ-नऊ वर्षांचे क्लोजिंग रँक, फेरीवार आणि प्रवर्गवार, तीन रंगांच्या शाईत. माणसांनाही ते रँकवरूनच ओळखतात. ‘‘तो चाळीस हजारवाला परवा भेटला, लग्न ठरलं म्हणे.’’ मागे एका बारशाला गेले, बाळ हातात घेतलं आणि आईला म्हणाले, ‘‘जन्म इथलाच ना? दाखला जपून ठेवा, डोमिसाईलला लागतो.’’

माझा भाचा दोन वर्षं राजस्थानात कोट्याला होता. त्याला आणि बहिणीला घेऊन मी ओट्यावर गेलो. काकांनी मार्क विचारले नाहीत.

‘‘बारावी कुठून?’’

‘‘तिथूनच.’’

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ही त्यांची दुखवट्याची पद्धत. ‘‘अख्खा महाराष्ट्र लातुरात येतो, आणि तुम्ही लातूर सोडून तिकडं! बापाची सरकारी बदली तरी होती का?’’

‘‘नाही. वडलांचं इथंच दुकान आहे.’’

‘‘मग सवलत पण नाही. राज्याच्या ८५ टक्क्यांना बारावी महाराष्ट्रातली लागते, सर. आणि दोन वर्षं मेसचं जेवून माणूस राजस्थानचा होत नसतो. लेकरू कोट्याला गेलं आणि कोट्यातून गेलं.’’

हा विनोद ते दरवर्षी करतात, असं मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

काका लगेच मऊ झाले. उरला तो देशभरचा १५ टक्क्यांचा कोटा. तो सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने १९८६ मध्ये सुरू झाला, हे त्यांनी स्वतःच खटला लढवल्याच्या थाटात सांगितलं. मग वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. सरकारी कॉलेजात १५० जागा धरा. बाहेरच्यांना त्यातल्या बावीस-तेवीस. आरक्षण वजा केलं की खुल्या उरल्या नऊ. ‘‘या नऊ खुर्च्यांवर कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंतची लेकरं टपलेली. २०२५ ला २२ लाखांवर पोरं बसली होती परीक्षेला.’’

‘‘मग अभिमत विद्यापीठ?’’ मी विचारलं.

‘‘तिथं राज्य कुठलं हे विचारत नाहीत. नुसती अनामतच दोन लाख. फी ऐकायची असेल तर आधी पाणी प्या.’’

मी पाणी प्यालो, फी ऐकली नाही.

काकांचा भारत हा आपल्या नकाशातला भारत नव्हे. आग्रा म्हटलं की आपल्याला ताजमहाल दिसतो, काकांना एस. एन. मेडिकल कॉलेज. अंदमान म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर सावरकर आणि सेल्युलर जेल उभं राहतं; काका म्हणतात, ‘‘पोर्ट ब्लेअरला कॉलेज आहे, शेवटच्या फेरीसाठी ठेवा.’’ गोव्याला ते एकदाच गेले, बांबोळीचं कॉलेज बाहेरून बघून आले. समुद्र राहिला.

पसंतीक्रम भरायला ते आमच्या घरी दोन रात्री बसले. चहा सोडून काही घेतलं नाही. एवढं काम फुकट करणारा माणूस लातुरात दुसरा नाही, हे त्यांच्या निंदकांनाही मान्य आहे. बहीण प्रत्येक नावाला विचारायची, ‘‘तिथं हवा कशी असते हो?’’

‘‘हवा सोडा ताई, क्लोजिंग बघा. लेकरू मासे खातं का?’’

‘‘खातं.’’

‘‘मग अगरताळा लावा वरती.’’

यादी लॉक केल्यावर त्यांनी संगणकाला हात जोडले. पहिली फेरी कोरडी गेली, दुसरीही. त्या दिवसांत काका आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून जात. जणू कटऑफ त्यांनीच चढवला होता. तिसऱ्या फेरीचा निकाल रात्री उशिरा लागला आणि बाराच्या पुढं आमची कडी वाजली.

‘‘अगरताळा! काठावर बसलं लेकरू!’’

बहिणीने देवापुढे साखर ठेवली, काकांच्या हातावर पेढा ठेवला आणि विचारलं, ‘‘काका, पण तिथं जायचं कसं?’’

काकांनी वही उघडली. पुढून चाळली, मागून चाळली, मिटली.

‘‘ते तुम्ही स्टेशनवर विचारा,’’ ते म्हणाले, आणि कॉटवर बसून भाच्याचा रँक लाल शाईत लिहून घेऊ लागले.