काहून गुरगुरते जी?

आमच्या अर्जुनी मोरगावकडे दिवाळी झाली, धान कापून झाला की माणसं रात्री झोपत नाहीत. गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीतलं नाटक पत्रिकेवर रात्री दहाला सुरू होतं. प्रत्यक्षात ते पडदा ओढणारा सापडला की सुरू होतं आणि उजाडता उजाडता संपतं. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण शेवटच्या रांगेतल्या आजीला ज्याच्या जिवावर खलनायक ऐकू येतो, त्या ॲम्प्लिफायरला अजून कोणी साधा नारळही दिलेला नाही.

असाच एक व्हॉल्ववाला, गावच्या जुन्या नाट्यमंडळाचा, आमच्या माळ्यावर पडून होता. नागपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने तो पाहिला आणि ओरडला, "मामा, हे सोनं आहे! याच्यातून गिटार वाजवायची." त्याचं म्हणणं असं, की ट्रान्झिस्टरचा आवाज वाढवत नेला तर एका हद्दीला तो टर्रकन फाटतो. व्हॉल्व फाटतो, पण हळूहळू, गोडीगुलाबीने. जगभरचे गिटारवाले त्या फाटण्यावर जीव टाकतात. आमच्या मंडळाने त्याच फाटण्यापायी याला माळ्यावर टाकलं होतं, हे मी बोललो नाही.

सोनं अंगणात आणून चालू केलं. आधी गुरगुर आली, मग एक व्हॉल्व लालभडक झाला. तोवर अर्धी आळी जमली होती. आमच्याकडे माणूस आजारी पडला तर लोक डॉक्टरचं नाव सुचवतात, पण यंत्र आजारी पडलं तर थेट औषधच. "अर्थिंग नाही." "डाव्या अंगाला एक थापड मारा, आमचा टीव्ही तसाच लागे." "उंदरानं वायर कुरतडली." एकजण तर लाल व्हॉल्व पाहून खूश झाला. म्हणे, तापून राहिला चांगला, थोडा वेळ द्या.

शेवटी काकाजींना बोलावलं. व्हॉल्वच्या रेडिओपासून हात बसलेला हा जुना मिस्त्री. त्यांनी आधी वायर उपटली. "आतली तार नारिंगी दिसावी, ते बरोबर. बाहेरचा पत्रा लाल झाला म्हणजे व्हॉल्व मरून राहिला जी." मग खोलण्याआधी मोठ्या कंडेन्सरांवर रेझिस्टर टेकवून ठेवला. बंद केलेल्या यंत्रातही चारशे व्होल्ट दबा धरून बसतात, आणि त्यांना लोडशेडिंग लागू नसतं. नंतर चालू यंत्रात मीटर लावतानाही काकाजींचा डावा हात पाठीवरच. करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाला तर वाटेत काळीज लागतं, म्हणून. दिसायला मात्र ते तपासणीला आलेल्या हेडमास्तरांसारखे दिसत होते.

पुढे त्यांनी ॲम्प्लिफायरच्या वाटेत एक साधा शंभरचा बल्ब सिरीजमध्ये जोडला. बटण दाबताच बल्ब लख्ख पेटला. "लागला, लागला!" आळीने टाळ्या पिटल्या. काकाजींनी ताबडतोब बंद केला. हा बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर यंत्र बरं. पेटलेलाच राहिला तर आत कुठे तरी करंट वाहून चाललाय. दोन्ही पॉवर व्हॉल्व उपसल्यावर बल्ब मंदावला, आणि टाळ्या वाजवणारे हिरमुसले.

मला मौज वाटली ती इथे. जमलेल्या प्रत्येकाला काय झालंय ते ठाऊक होतं. काकाजी तेवढे काय झालेलं नाही ते ठरवत चालले होते. व्हॉल्व बदलून पाहिला, तरी बल्ब लख्ख. ग्रिडवर उणे तीस-पस्तीस व्होल्ट हवेत, तिथे मीटर चक्क अधिक दाखवू लागलं. सापडला! एक चिमुकला कंडेन्सर. आवाज पुढे सोडायचा आणि मागच्या टप्प्याचे व्होल्ट अडवायचे, एवढीच त्याची नोकरी. हा सगळ्यांनाच सोडत होता. त्याच्या या दिलदारपणाने पुढचा व्हॉल्व मरायला टेकला होता.

तो बदलला, तरी गुरगुर होतीच. आवाजाचं बटण शून्यावर आणलं, तरी तेवढीच. म्हणजे पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर वाळलेले. आपली वीज पन्नास हर्ट्झची. तिची डीसी करताना गुरगुर होते शंभरची, आणि ती गाळणारं कोणी उरलं नव्हतं. भाच्याने मोबाइलवरचा ट्यूनर धरला. "काकाजी, हा जी आहे, किंचित चढा."

"असंल जी," काकाजी म्हणाले.

नवे कंडेन्सर भाच्याने नागपूरहून आणले. अधूनमधून येणारी खरखर काकाजींनी बांबूच्या कांडीने सोल्डर टोचत टोचत पकडली. असल्या कामाला परदेशात चिनी जेवणाची काडी वापरतात, असं भाचा सांगू लागला. आमच्याकडे बांबूला तोटा नाही, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग त्याने मार्शलची गोष्ट सांगितली. जिम मार्शल हा लंडनचा ड्रमवाला. त्याच्या हॅनवेलच्या दुकानात १९६२ साली अमेरिकेच्या फेंडर बासमनवरून पहिला मार्शल ॲम्प्लिफायर बनला. "म्हणजे त्यानंबी दुसऱ्याचा खोलूनच पाह्यला," काकाजी समाधानाने म्हणाले.

संध्याकाळी गिटार जोडली. पहिल्याच झणत्काराला कौलावरची कबुतरं उडाली. भाच्याचे डोळे मिटले. तेवढ्यात सोसायटीचा माणूस धावत आला. "आवाज येऊन राहिला ना? मग माइक लाव." धान खरेदी केंद्रावर बारदाना आला होता, तो जाहीर झाला. मग एकीची बकरी जाहीर झाली, रंग आणि शिंगांसह. मग एकाचं बारसं. दोन घोषणांच्या मधे भाचा जमेल तेवढं वाजवून घेत होता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून निरोप आला : गिटारवाला पोट्टा किती घेतो, आणि बकरीच्या वेळी वाजवलं तेच लग्नात वाजवील का?