काळापांढरा गुलमोहर

कृष्णधवल छायाचित्रणात झाडाचा रंग आधी काढून टाकतात आणि ती उणीव भरायला भिंगापुढे रंगीत काच लावतात. साध्या फिल्मवर लाल फुले व हिरवी पाने जवळपास एकाच राखाडी छटेत उतरतात. मे महिन्यात बहरलेला गुलमोहर त्यामुळे ओल्या घोंगडीसारखा दिसतो. लाल फिल्टरने फुले उजळतात, पाने काळवंडतात आणि निळा प्रकाश अडल्याने निरभ्र आकाशही उगाचच गंभीर होते. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या छायाचित्रकाराने १९५८ साली न्यू मेक्सिकोतले शरदातले अ‍ॅस्पेन वृक्ष टिपले: पाने पिवळी, फिल्टर पिवळा, चित्र अर्थात बिनरंगाचे. इन्फ्रारेड फिल्मवर तर हिरवीगार पाने पांढरीफटक येतात. वठलेल्या झाडाला यातले काहीच लागत नाही. प्रदर्शनांच्या भिंतींवर त्याचीच वनराई फोफावते.