बाकीच्यांनी करायचं काय?

सिनेमा बघताना माझी नजर नायकावर ठरत नाही, ती त्याच्या मागे उभ्या असलेल्या इन्स्पेक्टरकडे जाते. याला माझी नाट्यकारकीर्द कारणीभूत आहे. गणेशोत्सवातल्या ऐतिहासिक नाटकांत मी कायम दुसरा शिपाई असायचो. पहिल्या शिपायाला निदान ‘महाराज, घात झाला!’ एवढं तरी म्हणायला मिळतं. दुसऱ्याने फक्त घात झाल्यासारखा चेहरा करायचा. त्यामुळे पडद्यावर सर्वगुणसंपन्न नायक अवतरला, की माझ्या पोटात गोळा येतो. आता बाकीच्यांनी करायचं काय?

हा नायक तुमच्या ओळखीचा आहे. तो उघड्या अंगाने बारा गुंड लोळवतो, बॉम्बची नेमकी वायर तोडतो आणि नायिकेच्या केसांतल्या पिनेने तिजोरी उघडतो. (कथेतलं नायिकेचं योगदान म्हणजे ती पिन.) मित्राने ‘अरे, पण तुला कसं कळलं?’ असं दर वीस मिनिटांनी विचारायचं, आणि मध्यंतरानंतर नायकाला राग यावा म्हणून मरायचं. शेवटी पोलीस येतात आणि प्रेक्षक हसतात. मला मात्र हसू येत नाही. त्यांची जीप वेळेवरच निघालेली असते हो! लेखकाने ती रेल्वेच्या फाटकात अडवून ठेवलेली असते.

या जमातीचे मूळपुरुष डॉ. वॉटसन. १८८७ साली आलेल्या पहिल्या होम्सकथेत ते अफगाण युद्धात गोळी लागून परतलेले लष्करी डॉक्टर आहेत. म्हणजे शिकलेला, शूर आणि वर बऱ्यापैकी लिहिणारा माणूस. बेकर स्ट्रीटवर राहायला आल्यावर त्याच्याकडे खातं आलं ते थक्क होण्याचं! लेस्ट्रेड तर स्कॉटलंड यार्डचा पगारी अधिकारी, पण चुकीच्या माणसाला धरणं एवढंच त्याच्याकडे. १९३९पासून बॅसिल रॅथबोन होम्स झाला, तेव्हा सिनेमावाल्यांनी आणखी पुढची पायरी गाठली. नायक हुशार दिसावा म्हणून नायजेल ब्रूसचा वॉटसन चक्क वेंधळा करून टाकला.

वॉटसनला एकदाच मोठी संधी मिळाली, ती बास्करव्हिलच्या शिकारी कुत्र्याच्या कादंबरीत. ‘मला लंडनमध्ये काम आहे, तू जा’ असं सांगून होम्सने त्याला डार्टमूरला धाडलं. आणि गडी खुलला ना! रात्री खिडकीत मेणबत्ती घेऊन उभ्या राहणाऱ्या नोकराचं गूढ त्याने उकललं, होम्सला सविस्तर पत्रं पाठवली, आणि माळावर कोणी अनोळखी माणूस लपला आहे असं कळल्यावर पिस्तूल घेऊन एकटा त्या दगडी झोपडीत जाऊन बसला. झोपडीत राहत कोण होतं? होम्स! तो आधीपासूनच तिथे मुक्कामाला होता आणि पत्रं लंडनहून फिरून त्याच्याकडेच येत होती. वॉटसनला वाईट वाटलं, तसं तो बोललाही. मग होम्सने जरा कौतुक केलं आणि याचा राग गेला. मी असतो तर तिथल्या तिथे राजीनामा दिला असता.

आपल्याकडचे जुने कथाकार याबाबतीत फार धोरणी. महाभारतात सगळ्यांत समर्थ कोण, तर श्रीकृष्ण. तो मनावर घेता तर युद्धपर्व दोन पानांत आटोपलं असतं. म्हणून व्यासांनी आधीच त्याच्याकडून शस्त्र न धरण्याचं वदवून घेतलं आणि हातात घोड्यांचे लगाम दिले. एकदा तो न राहवून भीष्मांवर धावला, तर अर्जुनाने मागून पळत जाऊन त्याचे पाय धरले. कीर्तनकार याला भक्ती म्हणतात. मला त्यात नोकरी जाण्याची भीतीही दिसते.

मारुतीचंही तेच. त्याला स्वतःच्या शक्तीचा विसर पडलेला, म्हणून समुद्रकाठी जांबवंताला दोन शब्द बोलायला मिळाले. पुढे द्रोणागिरी उचलून आणण्याइतकं बळ त्याच्या अंगात, पण वनस्पती ओळखता येईना! म्हणून तर पर्वत लंकेत पोचल्यावरही सुषेण वैद्याचं काम शाबूत राहिलं. आजच्या पटकथाकाराने मारुतीलाच आयुर्वेदाची पदवी देऊन टाकली असती.

आणि चिं. वि. जोशींनी तर धडधडीत नालायक माणूस नायक केला. चिमणरावांना काहीही धड जमत नाही, त्यामुळे त्यांच्या भोवती सगळ्यांनाच रोजगार. गुंड्याभाऊला सोटा उगारता येतो, काऊला बोलता येतं, पोरांना गोंधळ घालता येतो. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, तरी लोकांनी बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊही तेवढाच डोक्यावर घेतला. चिमणरावांना लाठी फिरवता येत असती, तर गुंड्याभाऊचं नावसुद्धा आपल्या लक्षात राहिलं नसतं.

आमच्या घरात सर्वसमर्थ पात्र म्हणजे आमची ही. फ्यूज गेला की ती स्टुलावर चढते. पण बॅटरी मी धरायची, हे ठरलेलं आहे. डोक्याला बांधायची बॅटरी बाजारात मिळते, हे तिला ठाऊक आहे. तरी तिने ती आणलेली नाही. लेखनाची इतकी जाण पटकथा लिहिणाऱ्यांतही मी फारशी पाहिलेली नाही.

तेव्हा लेखकमहाशय, एक विनंती. तुमच्या नायकाला एखादी गोष्ट येऊच देऊ नका. त्याला पोहता येत नसेल, तर होडीवाला कोळी दोन प्रकरणं तरी जगेल. मोडी वाचता येत नसेल, तर गावातल्या म्हाताऱ्या गुरुजींच्या ओटीवर त्याला जावं लागेल, आणि गुरुजींची नातही कथेत येईल, पिनेशिवाय. एवढं केलंत तर उपकार होतील. फक्त दुसऱ्या भागात त्याला पोहण्याचा क्लास लावू नका.