रहाटणीत राहून जुन्या जीपचं इंजिन कसं निवडावं

जुन्या जीपला दुसरं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवणं ही आपली खासगी बाब आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी पिंपरी-चिंचवडच्या रहाटणीत घर घेऊ नये. इथे लिफ्टमध्ये चार माणसं शिरली की तीन मोटारीच्या कारखान्यातली निघतात. आपली 80 इंची व्हीलबेसची सीजे-3बी जीप पार्किंगमध्ये धूर ओकू लागली, की पुढील पायऱ्या निमूटपणे चढाव्यात.

पायरी पहिली : समिती. ती नेमावी लागत नाही, बोनेट उघडलं की भरते. टेल्कोतून, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समधून, निवृत्त झालेले काका म्हणतील, "सुमोचं टाका, डोळे झाकून." फोर्स मोटर्समधले भाऊ मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेल्या ओएम 616 इंजिनाचं नाव सोवळ्यात घेतील. चाकणला महिंद्रात जाणारा वरच्या मजल्यावरचा मुलगा नुसतं "एमहॉक" म्हणून पळेल, कारण खाली कंपनीची बस उभी असते. सगळ्यांना मान डोलवावी. ज्या कंपनीनं पगार दिला तिचंच इंजिन थोर, हे इथलं शास्त्र आहे.

पायरी दुसरी : टेप. इंजिन बघायला जाण्याआधी टेप घेऊन गाडीखाली शिरावं. विलीज घराण्यातल्या जीपचं पुढचं डिफरन्शिअल उजव्या अंगाला असतं, त्यामुळे ट्रान्सफर केसमधून पुढे जाणारा शाफ्टही उजवीकडूनच निघायला हवा. डावीकडचा ट्रान्सफर स्वस्तात मिळत असेल, तर तो स्वस्त का आहे हे आता कळलं असेल. पाच गिअरचा बॉक्स जुन्या तीन गिअरवाल्यापेक्षा बहुधा लांब. तो मागे सरकला की मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो, त्याचा उतार वाढतो, शाफ्टचे क्रॉस लवकर जातात आणि जरा वेग घेतला की आरसे थरथरतात. बरं, इंजिन पुढे घ्यावं तर रेडिएटर आडवा येतो. खाली बसवावं तर ऑइल चेंबर पुढच्या अॅक्सलवर आपटतं. वर उचलावं तर बोनेट लागत नाही. थोडक्यात, इंजिन समिती निवडत नाही, आपणही निवडत नाही. उरलेली जागा निवडते.

पायरी तिसरी : वऱ्हाड. इंजिन कधी एकटं आणू नये. बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि गिअरबॉक्स एकाच गाडीचे उचलावेत. वेगवेगळे आणले तर मध्ये अॅडॅप्टर प्लेट लागते, आणि भोसरीचा लेथवाला "उद्या या" म्हणतो. हा उद्या कुठल्याही पंचांगात नसतो. एमहॉकसारखं कॉमन रेल इंजिन हवं असेल तर त्याचा कंप्युटर (ईसीएम), वायरिंग, अॅक्सिलरेटरचं पेडल आणि किल्लीसुद्धा त्याच गाडीची हवी. नाहीतर इंजिन बसतं, सुरू होत नाही. साधं पंप-नोझलचं डिझेल इंजिन आवाज करतं, पण पासवर्ड मागत नाही.

पायरी चौथी : बाजार. "कुदळवाडीतून उचलू" हे वाक्य पिंपरी-चिंचवडकरांच्या तोंडी वर्षानुवर्षं होतं. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेचे बुलडोझर तिथल्या अनधिकृत गोदामांवरून आणि भंगार दुकानांवरून फिरले. तेव्हा आधी फोन करून जावं. इंजिन कुठूनही घ्या, ब्लॉकवरचा नंबर घासलेला असेल तर चहासुद्धा न पिता परतावं. कापलेल्या गाडीचे कागद आणि बिल मागावं. विक्रेता दुखावला, तर दुखावू द्यावा.

पायरी पाचवी : एमएच 14, म्हणजे पिंपरी-चिंचवडचं आरटीओ. आरसीवर इंजिन नंबर, इंधन आणि सीसी असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. म्हणून पेट्रोल जीपमध्ये परस्पर डिझेल इंजिन बसवून पासिंगला नेणं म्हणजे स्वतःहून जबाब द्यायला जाणं होय. आरटीओची परवानगी आधी, गॅरेज नंतर. "सगळं होतं हो" म्हणणाऱ्या एजंटाला ते कागदावर लिहून मागावं. तो पुन्हा दिसत नाही.

एवढं करून बहुतेक जण एकाच निष्कर्षाला येतात : असलेलंच इंजिन उतरवा, बोअर करा, पिस्टन-रिंगा बदला, क्लच प्लेट नवी घाला. इंजिनाचं फाउंडेशन तेच, गिअरबॉक्स जागेवर, आरसी जशीच्या तशी. ताकद कमी पडेल, हे खरं. पण गाडी ज्या रस्त्यावर धावणार आहे तो काळेवाडी फाट्याचा आहे, आणि तिथे संध्याकाळी सातला एमहॉकसुद्धा पहिल्याच गिअरमध्ये असतं.