माझ्या अंगठ्याचा ठसा विकणाऱ्यास

पंढरपुरात आम्ही अनोळखी माणसालाही माउली म्हणतो. तुम्हाला मी तसं म्हणणार नाही.

माघी वारीच्या गर्दीत प्रदक्षिणा मार्गावरच्या एका दुकानात विठ्ठलामागे लावायची सोनेरी प्रभावळ विकायला टांगली होती. तिची नक्षी माझी आहे. वरचं कीर्तिमुख, दोन बाजूंचे मकर, खालची वेल, सगळं मी मातीत घडवलंय. माझ्या मूळ प्रभावळीच्या मागे, टेकूच्या खोबणीजवळ माझ्या अंगठ्याचा ठसा उमटलेला आहे. तुमच्या मालावरही तोच ठसा आहे. सिलिकॉन बोटाच्या रेषासुद्धा उचलतं. तुम्ही नक्षी चोरलीत आणि चोरीचा पुरावाही त्याच साच्यात ओतून ठेवलात.

माझं भांडण साच्याशी नाही, तुमच्याशी आहे. घरी बनवलेला सिलिकॉनचा साचा हे गरीब कारागिराचं मोठं हत्यार आहे. कुणाच्या देवघराचा कोनाडा अरुंद असतो, कुणाला पितळ परवडत नाही. त्यांच्या मापाची प्रभावळ मी मातीत घडवतो. माती बिनगंधकाची घ्यावी लागते, कारण गंधक लागलं की प्लॅटिनम उत्प्रेरकाचं सिलिकॉन घट्टच होत नाही, चिकट राहतं. मग पहिला थर ब्रशने नक्षीच्या प्रत्येक फटीत भरायचा आणि उरलेलं सिलिकॉन एका कोपऱ्यातून बारीक धारेने सोडायचं, म्हणजे हवा पुढे सरकत बाहेर पडते. मकराच्या जबड्याखाली हवा अडकते, म्हणून साचा तिरका धरावा लागतो. हे तुम्हाला करायचंच नव्हतं. तुम्ही तयार वस्तू विकत आणलीत आणि तिच्यावर सिलिकॉन ओतलंत.

शिवाय ते स्वस्तातलं. प्लॅटिनम उत्प्रेरकाचं सिलिकॉन हजारात एक भागाहूनही कमी आकसतं. टिन उत्प्रेरकाचं त्याहून जास्त आकसतं, आणि साचा ठेवून दिला तरी आकसत राहतं. त्यात तुम्ही पॉलिस्टर रेझिन ओतता, जे इपॉक्सीपेक्षा कितीतरी अधिक आकसतं. म्हणून तुमची प्रभावळ माझ्यापेक्षा किंचित लहान आहे आणि कीर्तिमुखाचे दात बोथट आहेत. नकलेची नकल काढाल तेव्हा ते आणखी बोथट होतील. वेलीच्या पानांवर बुडबुड्यांची भोकं आहेत, ती तुम्ही सोनेरी रंगाने बुजवलीत. भाविकाने एकदा ओल्या फडक्याने पुसलं की ती उघडी पडतील.

मला सगळ्यात जास्त राग आला तो तुमच्या मालाच्या वासाचा आणि चिकटपणाचा. हार्डनर अंदाजाने टाकलाय. प्रमाण चुकलं की रेझिन कायमचं अर्धवट राहतं, आणि अशी वस्तू तुम्ही निरांजनाशेजारी ठेवायला विकता. ती उष्णतेने वाकेल. ओतणाऱ्या पोरांना तुम्ही हातमोजे आणि मास्क देता का, हेही मला विचारायचंय. पॉलिस्टरमधल्या स्टायरीनच्या वाफेने डोकं धरतं, आणि इपॉक्सी वापरलंत तरी तिचं हार्डनर अंगावर येऊन एकदा त्याची ॲलर्जी जडली की माणसाला हे काम सोडावं लागतं.

ओतकामाची विद्या जुनी आहे. कल्याणीचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात मेणाच्या मूर्तीला धोत्र्याच्या फुलासारख्या नळ्या जोडून ओतकाम कसं करावं हे सांगितलंय. त्या रीतीत मेण वितळून जाई आणि मूर्ती काढायला साचा फोडावा लागे. पुढची मूर्ती पुन्हा मेणापासून. आपल्या हाती एका साच्यातून अनेक प्रती काढण्याची सोय आली, म्हणून पहिली वस्तू घडवणाऱ्याचा हक्क वाढायला हवा होता. कायदाही तेच सांगतो: 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प म्हणताना त्याच्या ओतीव प्रतीही धरल्यात.

आषाढीला अजून अवकाश आहे. तोवर तो साचा कापून टाका, आणि चिकट राहिलेला माल दुकानातून परत घ्या. ज्यांनी घेतलाय त्यांचे पैसे द्या. त्यानंतर स्वतःची वेल घडवायची असेल तर माझ्याकडे या. माती मी देईन, प्रमाण वजनकाट्यावर कसं मोजायचं तेही दाखवीन. यातलं काहीच केलं नाहीत, तर आषाढीच्या आधी माझी मूळ प्रभावळ आणि तुमची नकल मी त्याच दुकानाच्या फळीवर शेजारी-शेजारी ठेवीन, दोन्हींची पाठ वर करून.